मुंबईत गाडी काढून जुन्या मराठी रेकॉर्डी शोधायच्या तर कुठून कुठे जावं?

सूर_अठ्ठ्याहत्तर

‘यंग इंडिया’ या मुंबईच्या जुन्या कंपनीच्या रेकॉर्डींबद्दल मी मागे एका धाग्यावर लिहिलं होतं, तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येताहेत. मुंबईत जुन्या रेकॉर्डी अजून मिळतात का, एका दिवसात गाडीने फिरून बघायचं तर सुरुवात कुठून करायची, काय भाव द्यायचा, वगैरे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते, म्हणजे जाणकारांना भर घालता येईल.

मिळतात. पण निघायच्या आधी आपण काय शोधतोय ते पक्कं करा. सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमांच्या एलपी (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या मोठ्या व्हिनाइल रेकॉर्डी) सगळेच शोधतात. त्या भरपूर निघाल्या आणि त्यांतली गाणी आज फोनवरही ऐकता येतात. जरूर घ्या, चांगल्या प्लेअरवर त्या सुंदरच वाजतात. माझा जीव मात्र अडकलाय १९३० ते १९५५च्या दरम्यानच्या मराठी ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, लाखेच्या) रेकॉर्डींत, आणि त्यातही छोट्या कंपन्यांच्या. पोवाडे, कीर्तनं, नाट्यपदं, भावगीतं, नकला, मुलांच्या कविता. यातल्या कित्येकांची पुढे ना एलपी निघाली ना कॅसेट. कंपनी बंद पडली की साचेही गेले. ते गाणं आज कुठे उरलं असेल तर कुणाच्या तरी माळ्यावरच्या तबकडीत. घर रिकामं होतं, माळा उतरतो, तबकडी भंगारवाल्याच्या गोणीतून रस्त्यावर येते. त्या सकाळी तिथे तिला ओळखणारं कुणी असलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

यंग इंडियाचंच घ्या. ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ हे तिचं पूर्ण नाव. कचेरी फोर्टात मेडोज स्ट्रीटला, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडला, आणि कारखाना वडाळ्याला. साधारण १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षं ती चालली. नावाजलेले गवई मोठ्या कंपन्यांनी बांधून ठेवलेले, त्यामुळे हिने नवोदितांना, हौशी गायकांना, लोककलावंतांना मायक्रोफोनसमोर बसवलं. म्हणून तिच्या रेकॉर्डींत दुसरीकडे कुठेच न सापडणारे आवाज आहेत. एचएमव्हीच्या तबकड्या कलकत्त्याला डमडमच्या कारखान्यात घडायच्या. या वडाळ्याला घडल्या. आपल्या शहराच्या मालकीची ही गोष्ट आहे आणि ती आपल्यालाच माहीत नाही.

आता रस्ता. आम्ही बोरिवलीहून निघतो. गाडी भाऊ चालवतो. टॉर्च, यादी आणि जुने टॉवेल माझ्याकडे. गाडीच का, असं एकाने विचारलंय. दहा इंची लाखेची रेकॉर्ड दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे पंचवीस घेतल्या की पाच-सहा किलो झाले, आणि एक धक्का बसला की तुकडे. सकाळच्या विरार लोकलमध्ये ते घेऊन चढणं अशक्य. (ठाण्या-नवी मुंबईच्या मंडळींसाठी: ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही.)

शुक्रवार निवडा. चोर बाजारात मटन स्ट्रीटवरची बहुतेक दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण पहाटेपासून आजूबाजूच्या गल्ल्यांत रस्त्यावरच जुम्मा बाजार भरतो. दुकानात येणारी रेकॉर्ड निवडून, पुसून, भाव लावून आलेली असते. जुम्मा बाजारातली थेट गोणीतून येते. कधी तुटक्या मिक्सरखाली सापडते, कधी बुटांच्या ढिगात. हायवेने दादर, तिथून लालबाग, भायखळा असे या. जे.जे.च्या उड्डाणपुलावर मात्र चढू नका, खालून राहा, नाहीतर बाजार मागे टाकून थेट सीएसएमटीच्या बाजूला उतराल. गाडी गल्ल्यांत घालण्याचा विचारही करू नका. ग्रँट रोडच्या बाजूला कुठेतरी लावून चालत जा. उजाडायच्या आत पोचलात तर उत्तम. नऊ-दहानंतर चांगला माल उरत नाही आणि पोलिसही उठवायला लागतात.

ढीग दिसला की एकदम मागू नका. चाचांना सलाम-नमस्कार करा, खाली बसा, एकेक रेकॉर्ड दोन्ही हातांनी कडेला धरून बाहेर काढा. बघायचं काय? टॉर्च तिरपा धरा. काळीभोर चमक असेल तर ती कमी वाजलेली. खाचांवर राखाडी झाक असेल तर लोखंडी सुईने तिचा जीव घेतलाय. मग मधल्या भोकाखाली बोटाचं टोक टेकवून रेकॉर्ड अधांतरी तोला आणि बोटाच्या पेराने कडेला हलकेच टिचकी मारा. धड असेल तर स्वच्छ नाद येतो. बारीक तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो, डोळ्यांना तडा दिसला नाही तरी.

लेबलवर ऑइलपेंटने आकडे किंवा आद्याक्षरं रंगवलेली असतील तर ती रेकॉर्ड लग्नमंडपाच्या लाउडस्पीकरवाल्याकडची. त्यांच्याकडच्या फिल्मी रेकॉर्डी वाजून वाजून संपलेल्या असतात. पण त्याच पेटीत तळाशी कुणी कधी न मागवलेली एखादी मराठी रेकॉर्ड कोरीच्या कोरी राहिलेली असते. मला माझा सर्वांत आवडता पोवाडा असाच मिळाला. पाकीट भलत्याच कंपनीचं, त्यावर गिरगावातल्या दुकानाचा पुसट शिक्का, लेबलवर लाल रंगात ‘४७’. पहिली बाजू पांढुरकी पडलेली आणि दुसरी जवळजवळ न वाजलेली. पोवाडा दोन भागांत आहे. बहुधा दुसरा भाग लावेपर्यंत लोक ‘गाणी लावा’ म्हणून ओरडले असावेत. डफाची थाप सुरू झाली ना, की अंगावर काटा येतो.

तिथून चहा-ब्रुन मस्का उरकून फोर्टात. दादाभाई नवरोजी रस्त्याच्या फुटपाथवर रेकॉर्डींचा स्टॉल वर्षानुवर्षं आहे. इंग्रजी, हिंदी, शास्त्रीय सगळं मिळतं आणि बसणाऱ्यांना मालाची जाण आहे. त्यामुळे भाव कमी होणार नाही, पण फसवणूकही होणार नाही. पुढे काळा घोड्याला ‘ऱ्हिदम हाउस’चं दार लागतं. २०१६मध्ये ते बंद झालं. काचेच्या खोलीत उभं राहून रेकॉर्ड ऐकून मग विकत घ्यायची, ही सोय तिथे होती. तिथून नगीनदास मास्टर रोड दोन मिनिटांवर. विकत घेण्यासारखं तिथे काही नाही, तरी मी एक फेरी मारतेच.

परतताना माहीमला ‘रिव्हॉल्व्हर क्लब’. तिथे नव्या एलपी, टर्नटेबल, सुया मिळतात, ७८ साठी जाऊ नका. पण विशी-पंचविशीतली मुलं तिथे एलपी उलटसुलट करून बघताना दिसतात, ते पाहून बरं वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः छोट्या लेबलांचे, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचे.

चाळकरी

वाचनखूण साठवली. आमच्या गिरगावच्या चाळीत एकाच घरी चावीचा ग्रामोफोन होता आणि गणपतीत तो गॅलरीत आणून ठेवायचे, असं वडील सांगायचे. तो आता माझ्याकडे आहे, कर्णा शाबूत आहे, स्प्रिंगही धरते. सुया कुठे मिळतील?

सूर_अठ्ठ्याहत्तर

@चाळकरी, मटन स्ट्रीटवर ग्रामोफोनवाल्यांकडे डबीतून मिळतात. शुक्रवार सोडून जा. आणि एक सुई एकाच बाजूला, हा नियम मोडू नका. लोखंडी सुई पहिल्या अर्ध्या मिनिटात खाचेच्या आकाराची घासली जाते. तीच दुसऱ्या रेकॉर्डवर लावली तर ती छिन्नीचं काम करते.

सुई_बदला

चावीच्या ग्रामोफोनवर दुर्मिळ रेकॉर्ड वाजवूच नका, असं मी म्हणेन. त्याच्या साउंडबॉक्सचं (सुई धरणाऱ्या गोल डबीचं) सुईवर येणारं वजन शंभर ग्रॅमच्या घरात जातं. विजेच्या टर्नटेबलवर ७८ची सुई तीन-पाच ग्रॅमवर चालते. @चाळकरी, गणपतीत सगळ्यांना ऐकवायला एचएमव्हीच्या साध्या फिल्मी रेकॉर्डी ठेवा, कर्णा त्यांनीच घुमवा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं तांत्रिक, कारण यात लोक पैसे घालवून बसतात.

एलपीची सुई ७८ला चालत नाही. एलपीची खाच बारीक, सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ७८ची खाच त्याहून बरीच रुंद, तिला ३ मिलची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथला सगळा कचरा ऐकवते. लोक म्हणतात, ‘रेकॉर्ड खराब आहे’. रेकॉर्ड ठीक असते, सुई चुकीची असते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ एसपी ही खास ७८साठीची आहे. टर्नटेबल घेताना त्याला ७८ची गती आहे ना ते बघून घ्या, आजच्या बऱ्याच मॉडेलांना फक्त ३३ आणि ४५ असते.

दुसरं, धुणं. व्हिनाइलच्या एलपीला पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पुसलेलं चालतं. ७८ला अल्कोहोलचा थेंबही लावू नका. ती लाखेची आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार हेच करतो ना, लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजवून. खाचा डोळ्यांदेखत जातात. डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब भांडी घासायचं सौम्य लिक्विड, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसून उभी वाळवायची.

तिसरं, गाडी. फुटपाथवरून घेतलेला ढीग उन्हात लावलेल्या बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये काचेमागे इतकं तापतं की व्हिनाइल लाटेसारखं वाकतं आणि लाखही मऊ पडते. रेकॉर्डी आडव्या रचू नका. उभ्या, घट्ट, मध्ये टॉवेल, आणि पुढच्या सीटच्या मागे पायाशी. डिकीत धक्के जास्त बसतात.

मिंट_शोधक

धागा छान आहे, पण माझा मुद्दा वेगळा आहे. तडा गेलेली, राखाडी झालेली ७८ घेऊन करायचं काय? मी व्हीजी प्लसच्या (‘व्हेरी गुड प्लस’, म्हणजे जवळजवळ नव्यासारखी, या दर्जाच्या) खाली काही घेत नाही. रेकॉर्ड ही वाजवायची गोष्ट आहे. आणि ‘हिंदी एलपी सगळीकडे आहेत’ हे सरसकट खरं नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेटनी बाजार खाल्ला. त्यानंतर नव्वदच्या सुरुवातीला एलपी बंद होईपर्यंत ज्या निघाल्या त्या अगदी थोड्या. त्या काळातली एलपी आज सत्तरच्या दशकातल्या एलपीपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे. दिसली तर सोडू नका. तिची कड, पाकिटाची शिवण आणि आतली प्लास्टिकची पिशवी बघा. ती पिशवी जुनी होऊन चिकटली असेल तर रेकॉर्डवर ढगासारखे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.

सूर_अठ्ठ्याहत्तर

@मिंट_शोधक, शेवटच्या काळातल्या एलपींबद्दल पूर्ण सहमत, मी ते लिहायला हवं होतं असं नाही पण तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

तडा गेलेल्या रेकॉर्डीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तिची दुसरी प्रत कुठे असल्याचं माहीत नसेल तर ती घ्यायचीच. बारीक तडा असलेली ७८ वाजते. प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक’ येतो आणि संगणकावर ते टक एकेक करून काढता येतात. अगदी तुकडे झाले असले तरी लेबल आणि नंबर हातात येतो. रेकॉर्डच्या लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा क्रमांक, बघा. लेबलवरचा कॅटलॉग नंबर आणि हा मॅट्रिक्स नंबर एकत्र नोंदवला की ती रेकॉर्ड कोणत्या क्रमाने, कोणत्या रेकॉर्डींसोबत मुद्रित झाली याचा अंदाज बांधता येतो. छोट्या कंपन्यांच्या पूर्ण याद्या सहज मिळत नाहीत. त्या अशाच, एकेका तुकड्यावरून जुळवाव्या लागतात.

हे काम मुंबईत आधीपासून चाललंय हेही सांगायला हवं. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ १९९०मध्ये इथेच सुरू झाली. तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक म्हणजे खजिना आहे. तिचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज’ योजनेखाली यंग इंडियाच्याच रेकॉर्डी आणि कागदपत्रांचं डिजिटायझेशन केलं. मला या लेबलचं वेड लागलं ते त्यांचं लेखन वाचून.

मिंट_शोधक

मॅट्रिक्सचा मुद्दा पटला. फोटो काढून नोंद करायला माझी हरकत नाही, घरात तुकडे ठेवणार नाही. :)

वसईकर_ट्रम्पेट

आमच्या वसईत लग्नाला ब्रास बँड लागतोच, माझे काका त्यात ट्रम्पेट वाजवायचे. त्यामुळे माझा शोध जरा वेगळा आहे: मुंबईत वाजलेला जॅझ. तीस-चाळीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक वाजवत आणि त्यांच्यासोबत बसून आपली गोव्याची पोरं तयार झाली. त्यातले चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, यांनी चाळीसच्या दशकात आपल्या वाद्यवृंदासह कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ७८ केल्या. पुढे हेच लोक हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले, म्हणून तिथली ब्रास तशी वाजते.

या रेकॉर्डी चोर बाजारात क्वचितच येतात. त्या बांद्रा, माहीम, दाबूल, माझगावच्या जुन्या घरांत आहेत. मुलं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेलेली आणि घर विकायला काढलेलं. मी चर्चच्या आवारात ओळखीच्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवलंय की रेकॉर्डी निघाल्या तर टाकू नका, मला फोन करा. दोन वेळा नुसत्या गाठीभेटीच झाल्या, तिसऱ्या घरात चहा झाला, फोटोंचा अल्बम झाला आणि मग आंटींनी पलंगाखालून पेटी ओढली. त्यात कोकणी गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या, वॉल्ट्झ होते, आणि एक कोलंबिया, निळं लेबल, ‘चिक’ अशी अक्षरं दिसली तेव्हा मला बोलताच येईना. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी ती डिजिटाइझ करून त्यांच्या मुलाला पाठवली.

आणखी एक. बीटल्सच्या रेकॉर्डी भारतात ७८वरही निघाल्या होत्या, कारण इथे खेड्यापाड्यांत चावीचे ग्रामोफोन साठच्या दशकातही चालू होते. जगभरचे संग्राहक त्यांच्यामागे आहेत. माळ्यावर पार्लोफोनचं, म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीचं, लेबल दिसलं तर रद्दीत देऊ नका.

पुण्याहून_येतो

मुंबईकरांनो, गाडी काढताच आहात तर रविवारी एक्स्प्रेसवे धरा आणि पुण्याच्या जुन्या बाजारात या. बुधवारी आणि रविवारी भरतो. नाट्यसंगीत आणि अभंगांच्या बाबतीत मुंबईपेक्षा आमच्याकडे जास्त निघेल असा माझा दावा आहे. वाड्यांचे पुनर्विकास चालू आहेत, पेठांमधले माळे उतरताहेत.

पण एक तक्रार आहे. हल्ली पहाटे आमच्या आधी व्यापारी पोचतात, सगळा ढीग न बघता उचलतात आणि तेच संध्याकाळी ऑनलाइन दहापट भावाने टाकतात. असे धागे निघाले की हे अजून वाढतं. ठिकाणं जाहीर लिहू नयेत असं मला वाटतं.

सूर_अठ्ठ्याहत्तर

तुमची चिंता कळते. पण मी लिहिलेलं एकही ठिकाण गुपित नाही, चोर बाजार व्यापाऱ्यांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे. माहीत नाही ते घरात रेकॉर्डी पडलेल्या माणसाला. त्याने हा धागा वाचून पेटी भंगारात देण्याआधी एकदा उघडली तरी पुष्कळ झालं. व्यापारी जे महाग समजतो ते उचलतो. त्याला मराठी कीर्तनाची भाव न ठरलेली रेकॉर्ड नको असते, ती तो मागे ठेवतो. आपल्याला तीच हवी आहे.

नाट्यवेडी

सुई_बदला यांनी गतीचा विषय अर्धवट सोडला, तो मी पुढे नेते, कारण गाणं शिकणाऱ्यांसाठी तो फार मोलाचा आहे.

‘७८’ हा आकडा नंतर स्थिरावला. सुरुवातीच्या काळात गती कंपनीनुसार, कधी मुद्रणानुसारही बदलायची. ७०च्या घरातल्या तर कधी ८०च्याही रेकॉर्डी आहेत. तुम्ही सगळ्या ७८वर वाजवल्यात तर ७२वर मुद्रित झालेलं पद जवळजवळ दीड अर्धस्वर (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) चढं आणि घाईत ऐकू येईल. जुन्या नाट्यपदांबद्दल ‘किती चिरका आवाज, किती वेगात गायचे’ असं जे ऐकू येतं, त्यातलं पुष्कळ या चुकीच्या गतीचं पाप आहे. माझी पद्धत अशी: तबकडीची गती कमी-जास्त करता येते असा प्लेअर घ्या, गायकाची नेहमीची पट्टी कोणती ते दुसऱ्या खात्रीच्या रेकॉर्डवरून ठरवा, तंबोरा त्या पट्टीत लावा आणि षड्ज जुळेपर्यंत गती खाली आणत जा. ज्या क्षणी जुळतं त्या क्षणी आवाजात माणूस येतो. श्वास, स्वरावरचं वजन, शब्द टाकण्याची लकब, सगळं जागेवर बसतं. एकदा ऐकाच.

आणि या लोकांनी तीन-साडेतीन मिनिटांत काय उभं केलंय! दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला तेवढाच वेळ. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीसच्या दशकातल्या ओडियनच्या रेकॉर्डी घ्या. वेळ कमी आहे म्हणून कुठेही धावपळ नाही, राग पहिल्याच स्वरावलीत समोर उभा. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीतून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. माझ्या विद्यार्थिनींना मी आधी ७८ ऐकवते आणि मग तासाभराची मैफल.

शेवटी ‘मी अमुक अमुक’ असं गायक नाव सांगतो, तो भाग कापू नका हो! अनेक जण डिजिटाइझ करताना काढून टाकतात. १९०२मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं तेव्हापासूनची ती खूण आहे. तबकड्या घडायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळावं म्हणून. त्या एका वाक्यात त्या व्यक्तीचा बोलण्याचा आवाज आपल्याला मिळतो.

सुई_बदला

+१००. ७२ ते ७८ म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वर, गणित बरोबर आहे. (नेमकं सांगायचं तर सव्वा ते दीडच्या मध्ये.) डिजिटाइझ करताना अजून एक: आधी काहीही साफ न करता कच्चं मुद्रण २४ बिटमध्ये ठेवा. खरखर काढण्याचे प्रयोग नंतर, प्रतीवर. खरखर जास्त काढली की तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची किनार तिच्याबरोबर जाते.

चाळकरी

डिजिटाइझ केलेलं नेटवर टाकलं तर कायद्याचा त्रास होईल का?

कलम_वाचक

@चाळकरी, आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. म्हणजे १९६५च्या आधी प्रकाशित झालेल्या रेकॉर्डींच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क संपलेला आहे. पण त्यातले शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. अभंग-पोवाड्याचे शब्द आणि चाल दोन्ही पारंपरिक असतील तर ती अडचण नाही. भावगीत असेल तर कवी आणि संगीतकार कधी गेले ते बघा.

माळ्यावरची_पेटी

पहिल्यांदाच इथे लिहितेय. आजोळी लांज्याला पणजोबांची एक पत्र्याची पेटी आहे, साठ-सत्तर रेकॉर्डी असतील. मे महिन्यात मामाने उघडली तर वर पांढरी बुरशी, पाकिटं एकमेकांना चिकटलेली. काहींवर नाटकमंडळींची नावं आहेत आणि एकावर यंग इंडिया लिहिलंय, म्हणून हा धागा शोधत आले. मामा म्हणतो घेऊन जा. गाडीने मुंबईला आणायच्या आहेत. आधी तिथेच धुवाव्यात का?

सूर_अठ्ठ्याहत्तर

ताई, अजिबात धुऊ नका आणि चिकटलेली पाकिटं ओढून सोडवू नका, लेबलाचा कागद सोबत निघून येतो. मामांना सांगा, पेटी घरातच सावलीत, वारा लागेल अशा खोलीत आठवडाभर उघडी ठेवा. ऊन दाखवू नका. बुरशी नाकात जाते, तोंडाला फडकं बांधा आणि कोरड्या मऊ ब्रशने वरवरची झटका. सुटलेल्या रेकॉर्डींचे लेबलाचे फोटो दोन्ही बाजूंचे घ्या आणि पेटीत ज्या क्रमाने होत्या तो क्रम कागदावर लिहा. पणजोबांनी लावलेला तो क्रम आहे.

आणताना पत्र्याची पेटी नको, गंजलेली कड लागते. फळांच्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या भरा, एका खोक्यात वीसपेक्षा जास्त नको, मधल्या जागेत जुनी लुगडी. चिकटलेला गठ्ठा तसाच, वेगळ्या खोक्यात. मुंबई-गोवा महामार्गाचे धक्के आहेत, पहाटे निघा आणि सावकाश या.

यंग इंडियावरचा नंबर आणि गायकाचं नाव आज मामांकडून फोनवर घेता येईल का? मी माझ्या यादीत ताडून बघते. चिकटलेला गठ्ठा सोडवायला सुई_बदला आणि मी दोघं येऊ, तुम्ही फक्त दिवस कळवा.

माळ्यावरची_पेटी

मामाला फोटो काढायला सांगितलंय. लेबल अर्धं पुसलंय, पण नंबर वाचता येतो म्हणाला. रात्री इथे टाकते.

सुई_बदला

शनिवार मोकळा आहे. ३ मिलची सुई आणि डिस्टिल्ड वॉटर मी आणतो.